पहिल्यांदा फेशियल करावं का? सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंधरा वर्षं मी सोलापुरात पार्लरचं काम करते आहे. आधी दुसऱ्यांकडे केलं, आता घराच्या पुढच्या खोलीत करते. कधीच फेशियल न केलेल्या बायका, मुली आणि अलीकडे पुरुषही जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते प्रश्न इथे त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. फेशियल हे माझं पोट आहे, तरी बऱ्याच उत्तरांत 'नको' किंवा 'आत्ता नको' सापडेल. त्वचेचा आजार असेल तिथे शब्द डॉक्टरांचाच अखेरचा.

१. अक्का, फेशियलमध्ये नेमकं करतात तरी काय? क्लीनअप वेगळं का?

चेहरा क्लीन्झरने पुसून घेतात, बारीक स्क्रब फिरवतात, पाच ते आठ मिनिटं वाफ देतात, नाकाच्या कडेचे ब्लॅकहेड्स काढतात. मग क्रीम लावून पंधरा-वीस मिनिटं चेहरा, मान आणि खांद्यांना मसाज, त्यावर पॅक, शेवटी मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. एकूण तास-सव्वा तास जातो. क्लीनअपमध्ये मसाज नसतो किंवा नावापुरता असतो, म्हणून ते अर्ध्या तासात आटोपतं.

वाफेने 'छिद्रं उघडतात' असं आम्ही सगळ्याच म्हणतो, पण छिद्रांना उघडझाप करणारे स्नायूच नसतात. वाफेने आतला तेलकट मळ मऊ होतो आणि सहज निघतो, एवढंच. ब्लॅकहेडचा काळा रंगही घाणीचा नसतो. तेल आणि मेलेल्या पेशींच्या त्या गाठीला हवा लागली की ती काळी पडते. त्यामुळे ब्लॅकहेड्स आहेत म्हणजे तुम्ही अस्वच्छ आहात, असं कुणी सुचवलं तर मनाला लावून घेऊ नका.

२. मला फेशियलची गरज आहे का? मैत्रिणी म्हणतात, तिशीनंतर करायलाच हवं.

गरज कुणालाच नसते. चेहरा धुणं, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन यावर त्वचा आयुष्यभर छान राहू शकते. फेशियलने एक तासाची विश्रांती मिळते, रक्ताभिसरण वाढल्याने चेहऱ्यावर तकाकी येते आणि त्वचा मऊ लागते. ही तकाकी एक-दोन दिवस, फार तर चार दिवस टिकते.

म्हणून मी आधी विचारते: कशासाठी करायचंय? 'जरा डोळे मिटून पडायचंय, कुणीतरी कपाळावरून हात फिरवावा' हे उत्तर मला पुरेसं वाटतं. शाळा, डबे, सासूबाईंचं औषधपाणी यात स्वतःचे पाय दाबून घ्यायलाही ज्यांना कुणी नाही, अशा बायका मसाज सुरू झाल्यावर पाच मिनिटांत झोपी जातात. त्यांचं फेशियल मला सार्थकी लागलेलं वाटतं. 'चेहरा बिघडलाय, तो दुरुस्त करायचाय' हे उत्तर असेल तर आधी प्रश्न ४, ८ आणि ९ वाचा.

३. पार्लर, स्पा आणि स्किन क्लिनिक, कुठे जाऊ?

पार्लर आणि स्पामध्ये काम साधारण तेच असतं. स्पात खोली एकटीची, दिवे मंद, मसाज लांब आणि दर जास्त. गल्लीतल्या पार्लरमध्ये पडदा असतो आणि शेजारच्या खुर्चीवर आयब्रो चालू असतात. पहिल्या वेळी मला ओळखीतली, हात हलका असलेली बाई जास्त महत्त्वाची वाटते. जागा किती सजवलीय ते नंतर बघा. पिंपल्स, वांग, खाज, पुरळ यांसाठी मात्र त्वचारोगतज्ज्ञच. खासगी डॉक्टर परवडत नसतील तर सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग आहे.

४. फेशियलने गोरी होईन का? पुढच्या महिन्यात बघायला येणार आहेत.

नाही. हे उत्तर मी कुणाचंही मन राखण्यासाठी बदलत नाही.

रंग मेलॅनिन या त्वचेतल्या रंगद्रव्यामुळे ठरतो. ते तयार करणाऱ्या पेशी सावळ्या आणि गोऱ्या माणसात जवळपास सारख्याच संख्येने असतात. त्या मेलॅनिन किती आणि कोणत्या प्रकारचं बनवतात यावरून रंग बदलतो. माझ्या हातातली कोणतीही क्रीम ते काम बदलू शकत नाही. उन्हाने आलेला काळपटपणा मात्र उतरतो. त्वचेचा वरचा थर साधारण चार आठवड्यांत नवा होतो, त्यामुळे ऊन टाळलं तर महिना-दोन महिन्यांत तुमचा मूळ रंग परत येतो, फेशियल न करताही. हुरड्याला शेतात दिवस घालवून आलेल्या मुली घाबरून येतात. त्यांना मी सनस्क्रीन आणि स्कार्फ सांगून परत पाठवते.

ब्लीचने चेहरा उजळ दिसतो तो चेहऱ्यावरची लव फिकी होते म्हणून. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया असतो, आणि नाजूक त्वचा त्याने भाजते.

आया मुलींना माझ्यासमोर बसवून 'हिचा रंग जरा काढा' म्हणतात तेव्हा ती मुलगी आरशाकडे बघायचं टाळते. तिचा चेहरा स्वच्छ, नितळ, देखणा असतो. मी आईला तिच्यासमोरच सांगते की या रंगात काढण्यासारखं काही नाही. तुम्हालाही तेच सांगते.

५. खर्च किती येतो? गोल्ड, डायमंड, फ्रूट यातलं कोणतं घेऊ?

पहिल्यांदा सगळ्यात साधं घ्या: क्लीनअप, किंवा सुवास कमी असलेलं साधं फेशियल. सोन्याचे कण त्वचेच्या वरच राहतात आणि पुसून निघतात. गोल्ड फेशियलची चमक मसाजाची आणि क्रीममधल्या चकाकीची असते. डायमंडचंही तेच. फ्रूट नाव ऐकून निर्धास्त होऊ नका, फळांच्या आम्लानेही चुरचुरतं.

दर जागेनुसार फार बदलतात, म्हणून बसण्याआधी पूर्ण रक्कम विचारा आणि जीएसटी त्यात धरलाय का तेही. पार्लर आणि सलूनच्या सेवांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या छोट्या पार्लरना नोंदणीच लागत नाही, त्यामुळे घरगुती पार्लरमध्ये बिलावर कर लावला तर जीएसटी नंबर विचारा.

६. जागा स्वच्छ आहे की नाही, हे माझ्यासारखीला कसं कळणार?

टॉवेल बघा. देशभर टॉवेल पुरवणाऱ्या शहरात राहतो आपण, चांगला-वाईट टॉवेल हाताला कळतो. तुमच्यासाठी घडीचा, कोरडा, धुतलेला टॉवेल निघाला पाहिजे. मागच्या बाईचा ओलसर टॉवेल झटकून तुमच्या गळ्यात आला तर उठा. नळाला रोज पाणी येत नाही हे मला मान्य आहे, पण ज्या दिवशी टॉवेल धुवायला पाणी नाही त्या दिवशी गिऱ्हाईक कमी घ्यायचं असतं. मी तसंच करते.

दुसरं, ब्लॅकहेड काढायची सळई. ती स्टीलची असते आणि प्रत्येक गिऱ्हाइकानंतर साबणाने धुऊन, निर्जंतुक करून ठेवलेली असावी. केसांच्या पिनेने किंवा नखाने काढायला लागल्या तर सरळ थांबवा. क्रीम डब्यातून बोटाने नाही, चमच्याने किंवा स्पॅच्युलाने काढावी. फेशियल किट तुमच्यासमोर फोडावं. पाकिटावर कंपनीचं नाव, घटक, बॅच नंबर आणि मुदत छापलेली हवी. बिनालेबलच्या पांढऱ्या डब्यातली 'स्पेशल क्रीम' चेहऱ्याला लावू देऊ नका, ती कितीही प्रेमाने दिलेली असो. कारण प्रश्न ९ मध्ये.

७. दुखतं का?

मसाज दुखत नाही. ब्लॅकहेड्स काढताना नाकाच्या कडेला चिमटा बसतो, डोळ्यांतून पाणी येतं. सहन होत नसेल तर तो टप्पा गाळायला सांगा, बाकीचं फेशियल तसंच होतं. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर जोरात दाबलं तर काळे डाग पडतात आणि ते जायला महिने लागतात. नाकावरचे बारीक ठिपके तसेही महिनाभरात पुन्हा भरतात, त्यांच्यासाठी रक्त काढण्यात काही अर्थ नाही.

८. पिंपल्स आहेत. फेशियलने जातील का?

लाल, दुखऱ्या, पू असलेल्या पिंपल्सवर स्क्रब आणि मसाज म्हणजे आगीत तेल. दाह वाढतो, तेलकट क्रीमने नव्या पुटकुळ्या येतात. आधी डॉक्टर. चार-दोन जुने ब्लॅकहेड्स असतील तर मसाजाविना क्लीनअप चालतं.

पिंपल्ससाठी औषध चालू असेल तर ते सांगितल्याशिवाय खुर्चीवर बसू नका. ट्रेटिनॉइन किंवा अ‍ॅडापलिनचं जेल रात्री लावत असाल तर त्वचा पातळ, हळवी झालेली असते. आठवडाभर आधी ते थांबवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावर सहा महिने चेहऱ्याचं वॅक्सिंग आणि पील (रसायनाने वरची कातडी काढणं) करायचं नाही, सालासकट निघतं.

कामाला लागल्यावर पहिल्याच वर्षी एका मुलीला मी काही न विचारता स्क्रब केलं. ती असं जेल लावत होती. संध्याकाळी तिच्या गालांची साल निघाली. तिच्या घरी जाऊन मी माफी मागितली, आणि त्या दिवसापासून हात लावण्याआधी औषध विचारते. तुमच्या पार्लरवाल्या ताईने विचारलं नाही तर तुम्ही आपणहून सांगा.

९. मेडिकलमधून आणलेली क्रीम रोज लावते. चेहरा एकदम छान झाला होता, पण आता बंद केली की लाल होतो. फेशियल करू का?

नका करू, आणि हे उत्तर नीट वाचा.

ट्यूब घेऊन घटक बघा: बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यापैकी काही असेल तर ते स्टेरॉइड आहे. शेजारणीने सांगितलं, बहिणीने दिलं, दुकानदाराने काउंटरवरून काढून दिलं, असंच ते घराघरात शिरतं. सुरुवातीला चेहरा उजळ, गुळगुळीत होतो. काही आठवड्यांनी त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, गालांवर लव वाढते, पुटकुळ्या येतात. क्रीम सोडली की आग होते, म्हणून पुन्हा लावावी लागते. ही मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला नियमाने मनाई आहे.

अशा चेहऱ्यावर वाफ, स्क्रब, ब्लीच यातलं काहीच सोसत नाही. क्रीम एकदम बंद करू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे ट्यूब घेऊनच जा. ते हळूहळू सोडवतात. काही महिने जातात, पण चेहरा बराच सावरतो. मी अशा पुष्कळ जणी पाहिल्या आहेत आणि एकीलाही फेशियल केलेलं नाही.

१०. गालांवर वांग आहेत, त्याचं काय?

वांगांना ऊन आणि उष्णता दोन्ही वाढवतात, त्यामुळे वाफ आणि जोराचा स्क्रब नको, ब्लीच तर नकोच. रोज सनस्क्रीन आणि डॉक्टरांचं औषध यावर ते फिके होतात. 'तीन बैठकांत वांग साफ' अशी पाटी दिसली तर पुढे चालू लागा.

११. लग्न आहे. किती दिवस आधी करू?

पहिलं फेशियल लग्नाच्या तोंडावर कधीही नको. तुमची त्वचा कशाला रुसते हे अजून कुणालाच माहीत नाही. दोन-तीन महिने आधी एकदा करून बघा. ते मानवलं तर तेच, त्याच हाताचं, लग्नाच्या चार-पाच दिवस आधी. हळदीच्या दिवशी काही नको; नुकत्याच स्क्रब केलेल्या चेहऱ्यावर हळद चुरचुरते.

पॅच टेस्ट मागून घ्या. कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे थोडी क्रीम लावून २४ ते ४८ तास थांबायचं. खाज, लाली, पुरळ आलं तर ते किट तुमचं नव्हे.

१२. आदल्या दिवशी आणि नंतर काय पाळायचं?

चेहऱ्याचं वॅक्सिंग, ब्लीच आणि फेशियल एकाच दिवशी नको; मध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्या. पुरुषांनी त्याच सकाळी दाढी करू नये. नंतर दिवसभर साबण, मेकअप आणि पोहणं नको. दोन-तीन दिवस स्क्रब करायचं नाही. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा जास्त.

सोलापूरचं ऊन हा इथला खरा प्रश्न आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असताना भर दुपारी फेशियल करून स्कूटीवर घरी गेलात तर तासाभराची मेहनत होटगी रोडवरच संपते, वर चेहरा भाजतो. उन्हाळ्यात संध्याकाळची वेळ घ्या. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या आधी गर्दी असते आणि हवा कोरडी असते. तेव्हा स्क्रब हलका आणि मॉइश्चरायझर भरपूर सांगा.

१३. गरोदर आहे, करू शकते का?

डॉक्टरांना विचारून साधं फेशियल चालतं. रेटिनॉल असलेली क्रीम, केमिकल पील आणि विजेच्या करंटचं मशीन नको. शेवटच्या महिन्यांत पाठीवर सपाट झोपू नका, डाव्या कुशीवर कलून किंवा पाठीला उशी देऊन बसतं करायला सांगा. गरोदरपणातही वांग येतात. त्यासाठी प्रश्न १०.

१४. मानेचा त्रास आहे. मागे मान टाकून झोपवतात ना?

फेशियलच्या बेडवर मान सरळ राहते, तिथे मानेखाली घडी केलेला टॉवेल मागा. काळजी घ्यायची ती केस धुवायच्या बेसिनवर. मान खूप मागे झुकवून बराच वेळ ठेवल्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात (स्ट्रोक) होऊ शकतो. अमेरिकेतल्या मायकेल वाइनट्रॉब या डॉक्टरांनी १९९३ साली अशा पाच बायकांची नोंद केली, तेव्हापासून त्याला 'ब्यूटी पार्लर स्ट्रोक' म्हणतात. हे फार क्वचित घडतं. तरी फेशियलसोबत हेअर स्पा घेत असाल तर मानेला आधार मागा, आणि चक्कर आली, बोलणं अडखळलं, हात जड झाला तर थेट दवाखान्यात.

मानेला कटाकट झटका देऊन 'मोकळी' करायला कुणालाही देऊ नका.

१५. हायड्रा आणि व्हॅम्पायर फेशियलच्या जाहिराती दिसतात. पहिल्यांदाच तेच करू का?

हायड्रामध्ये मशीनने पाणी आणि सीरम सोडत मळ ओढून घेतात. चांगल्या हातात ठीक आहे, पहिल्या वेळी गरजेचं नाही.

सुई आली की पार्लर संपलं, दवाखाना सुरू झाला. व्हॅम्पायर फेशियलमध्ये तुमचंच रक्त काढून, त्यातला प्लाझ्मा बारीक सुयांनी चेहऱ्यात सोडतात. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात परवाना नसलेल्या एका स्पात २०१८ साली हे केलेल्या बायकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं तिथल्या आरोग्य यंत्रणेने नोंदवलं आहे. मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी टोचणं), पीआरपी (स्वतःच्या रक्तातला प्लाझ्मा टोचणं), इंजेक्शन हे सगळं फक्त त्वचारोगतज्ज्ञांकडे, नवी सुई डोळ्यांसमोर फोडून.

१६. आईला साठी निमित्त फेशियल भेट द्यायचंय. तिला शुगर आहे.

छान भेट आहे. शुगर आटोक्यात असेल तर हलका मसाज आणि पॅक जरूर. ब्लॅकहेड्स काढणं टाळा, जखम भरायला वेळ लागतो. रक्त पातळ करायची गोळी असेल तर जोराचा मसाजही नको. दमा असेल तर वाफ आणि उग्र सुवास वगळा. आणि आईंना आधी विचारा. काहींना परक्या हाताचा स्पर्श नकोसा वाटतो. तिथे त्याच पैशांत सुंदर इरकल साडी येईल.

१७. कपडे काढावे लागतात का? मी बुरखा घालते, आत पुरुष असतील का?

गळा-खांदे मोकळे राहतील एवढंच लागतं. गाऊन देतात, नाहीतर सैल गळ्याचा कुर्ता घालून या. फोन करूनच विचारा की फक्त बायकांसाठी आहे का, दार आतून लागतं का, कॅमेरा आहे का. युनिसेक्स जागी बाईच हवी हे आधी सांगून वेळ घ्या. हे विचारायला लाजू नका, रोज कुणीतरी विचारतंच.

१८. ओठावर जर (तापाच्या पुटकुळ्या) उतलाय, उद्याची वेळ घेतली आहे. जाऊ?

रद्द करा. तो विषाणू आहे. मसाजाने चेहऱ्यावर पसरतो आणि पुढच्या बाईलाही लागतो. खपली पडून कातडी पूर्ववत झाल्यावर या. डोळे आले असतील किंवा चेहऱ्यावर गजकर्ण असेल तरी हेच.

१९. एकदा सुरू केलं की दर महिन्याला करावं लागतं का? पॅकेज घ्या म्हणून मागे लागतात.

नाही. सोडल्याने चेहरा लटकत नाही की काळा पडत नाही, फक्त आधीसारखा होतो. पहिल्या वेळी पॅकेज घेऊच नका. 'घरी विचारून सांगते' हे वाक्य सोलापुरात कुणी मोडत नाही.

२०. फेशियलनंतर चेहरा लाल झाला, बारीक पुटकुळ्या आल्या. घाबरू का?

काही तास लाली आणि ऊब साहजिक आहे. दोन-चार पुटकुळ्या आल्या तर हात लावू नका, आठवड्यात बसतात. सूज, पाण्याचे फोड, डोळ्यांभोवती फुगणं किंवा दुसऱ्या दिवशीही जळजळ असेल तर थंड पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जा आणि किटच्या पाकिटाचा फोटो पार्लरकडून मागा. 'घाण बाहेर पडतेय, पडू द्या' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

२१. जायचं नाही असं ठरवलं, तर घरी काय करू?

सौम्य फेसवॉश, कोमट पाणी, ओलसर चेहऱ्यावर मॉइश्चरायझर, बोटांनी पाच मिनिटं हलका मसाज. बेसन-दही मानवत असेल तर लावा, वाळून खडखडीत व्हायच्या आत धुवा. लिंबू चोळून उन्हात जाऊ नका, त्याने चट्टे उठतात. खायचा सोडा आणि टूथपेस्टही चेहऱ्यासाठी नाही. पातेल्यावर वाकून वाफ घेताना लहान मुलं जवळ नकोत.

२२. बेडवर पडल्यावर नको वाटलं तर मध्येच उठता येतं का?

येतं. 'ताई, थांबा' म्हणा, कारण सांगायची गरज नाही. माझ्याकडे एक शिक्षिका पहिल्यांदा आल्या आणि तोंडावर गरम टॉवेल ठेवताच घाबरून उठून बसल्या. त्यांचा चेहरा पुसून दिला, पाणी दिलं, पैसे घेतले नाहीत. दोन महिन्यांनी त्या परत आल्या आणि म्हणाल्या, 'टॉवेल सोडून बाकी सगळं करा.' त्या अजून येतात, टॉवेल सोडून.